जन्मांतर शून्य

प्रकरण क्रमांक ४१२ अवघ्या अकरा ओळींचे होते. डॉ. सुगंधा काळे यांनी ते तीनदा वाचले, आणि पडद्यावर ते तसेच उघडे ठेवून त्या खिडकीपाशी जाऊन उभ्या राहिल्या.

गोदानगरच्या राज्य जीवनगणन प्रयोगशाळेच्या सहाव्या मजल्यावरून नदीवरचे दोन्ही पूल दिसत. सकाळचे अकरा वाजले होते. मागच्या टेबलाशी इम्तियाज सनदी बसले होते. आयोगाची सारी गणिते यंत्रावर चालवणारे तज्ज्ञ तेच होते.

"मॅडम, काही चुकलंय का त्यात?"

"ह्या चारशे बारामधला माणूस कोण, माहीत आहे तुम्हाला?"

"नाही. आयोगानं माहिती दिली तेव्हाच नावं झाकलेली होती."

"नाव झाकलंय, तारीख नाही झाकली," सुगंधाबाई म्हणाल्या. "पुरुष, वय एकतीस, पवनचक्की दुरुस्त करणारा. तांब्याच्या केबलच्या चोरीच्या संशयावरून ताब्यात घेतला एकोणीस मार्च दोन हजार सहासष्टला. कोठडीत मृत्यू एकवीस मार्चला. सनदी, हा माझा धाकटा भाऊ. दिवाण काळे."

सनदींच्या हातातला पेन खाली पडला. त्यांनी तो उचलला नाही.

अकराव्या ओळीत निष्कर्ष होता: 'जन्मांतर शून्य. सदर मृत्यूचा व्यक्तीच्या जन्मसमूहाशी संबंध आढळत नाही.'

हा शब्द त्या वर्षी, म्हणजे २०८१ साली, राज्यभर गाजत होता. माणूस ज्या जातीत किंवा जमातीत जन्मला, त्या जन्मामुळे त्याच्या आयुष्यात किती फरक पडला, हे मोजणाऱ्या यंत्रणेला 'प्रतिजन्म' म्हणत. यंत्र एखाद्या नागरिकाच्या सर्व नोंदी घेई, त्यातला जन्मसमूह तेवढा बदले, आणि ते आयुष्य दहा हजार वेळा पुन्हा जगवून पाही. खरे आयुष्य आणि ही बदललेली आयुष्ये यांच्यातला सरासरी फरक म्हणजे जन्मांतर. तो शंभरपैकी मोजायचा: जन्माने फायदा झाला तर अधिक, तोटा झाला तर उणे; राज्याची सरासरी काढताना चिन्ह सोडून द्यायचे.

सरकारने नेमलेल्या जन्मनिरपेक्षता आयोगाने राज्यातल्या साऱ्या प्रौढ नागरिकांना या यंत्रातून काढले होते आणि सरासरी जन्मांतर सांगितले होते शून्य पूर्णांक चार. म्हणजे जवळजवळ नाहीच. विषमता आहे, असे अहवालात मान्य केले होते. पण ती घर, शाळा, सवयी, वस्ती आणि पूर्वीच्या नोंदी यांच्यामुळे आहे, जन्मामुळे नव्हे. नमुन्यादाखल काही निवडक प्रकरणे, हयात आणि मृत दोन्ही व्यक्तींची, नावे झाकून अहवालाला जोडली होती. अहवाल बाहेर पडताच मोर्चे निघाले, दोन विद्यापीठे बंद पडली आणि सरकारला त्याचे त्रयस्थ मूल्यमापन करून घेणे भाग पडले. पहिल्या दोन मूल्यमापकांनी अहवाल फेटाळला. नियमात एक सोय होती. मूल्यमापकाने फेटाळला तर मंत्रालय दुसरा मूल्यमापक नेमू शकत होते. तिसरे नाव आयोगाचे अध्यक्ष डॉ. श्रीनिवास टिपणीस यांनी स्वतः सुचवले: सुगंधा काळे.

ते नाव का सुचवले, हे सुगंधाबाईंना न सांगता कळले होते. त्या टिपणीसांच्या विद्यार्थिनी. प्रतिजन्माचे मूळ गणित दोघांनी मिळून मांडलेले. आणि त्या पारधी. इंग्रजांनी जिला जन्मानेच गुन्हेगार ठरवून ठेवले, त्या जमातीच्या. गावाबाहेरच्या पालात जन्मलेली मुलगी राज्यातली अव्वल गणिती झाली, ही गोष्ट टिपणीस वीस वर्षे भाषणांतून सांगत होते. "सुगंधाकडे बघा," ते म्हणत, "वाट मोकळी आहे. चालायची इच्छा हवी." त्या वाक्यावर टाळ्या पडत आणि सभागृहात बसलेल्या सुगंधाबाईंना मान खाली घालावी लागे. आता टिपणीसांना त्याच मुलीची सही हवी होती. पारध्याची पोर सही करते म्हटल्यावर बोलणार कोण?

"चारशे बाराचं गणित उघडा," त्या खिडकीपासून वळून म्हणाल्या. "स्थिर घटक दाखवा."

जन्म बदलताना ज्या गोष्टी यंत्र बदलत नाही, त्यांना स्थिर घटक म्हणत. आयोगाने असे चोवीस घटक ठरवले होते. सनदींनी यादी पडद्यावर आणली. वस्ती. शाळा. वडिलांचा व्यवसाय. पाचव्या वर्षीची उंची. बोलीभाषा. सतरावा घटक: पूर्वीची पोलीस नोंद. शेवटचा, चोविसावा: सध्याचे पद.

"म्हणजे यंत्रानं दिवाणला दुसऱ्या जातीत जन्माला घातलं," सुगंधाबाई म्हणाल्या, "पण राहायला ठेवलं पालातच. आणि पोलिसांतली नोंदही तशीच ठेवली."

"हो. बाकी सगळं समान ठेवल्याशिवाय तुलना कशी करणार, असं सरांचं म्हणणं होतं."

"ती नोंद कधीची आहे, बघा."

सनदींनी पाहिले. "बारा डिसेंबर दोन हजार चव्वेचाळीस. तेव्हा वय..." ते थांबले. "नऊ वर्षं?"

"जत्रेत कुणाची तरी पेटी गेली. पोलीस आमच्या पालावर आले आणि सव्वीस पुरुषांचे ठसे घेऊन गेले. त्यात पोरंही आली. दिवाणला वाटलं, शाई लावतात म्हणजे काही बक्षीस आहे. दिवसभर बोट धुतलं नाही त्यानं." त्यांचा आवाज सपाट होता. "नऊ वर्षांच्या दुसऱ्या कुठल्या पोराची अशी नोंद असते, सनदी? ती नोंद झाली जन्मामुळे. आणि बावीस वर्षांनी त्या नोंदीमुळे त्याला उचललं. चोरी झाली त्या वेळी तो नव्वद मीटर उंच खांबावर होता, पट्टा बांधून. तशी नोंद कंपनीकडे होती. ती कुणी मागितली नाही."

सनदींनी यादीवरून पुन्हा नजर फिरवली. "मॅडम, म्हणजे जन्माचे जे परिणाम, तेच आम्ही स्थिर धरले?"

"एखाद्याला विष दिलं आणि तो मेला. आता विषाचा परिणाम मोजायचा, तर तुम्ही त्याची तुलना कुणाशी करता? ज्यांचं हृदय त्याच मिनिटाला बंद पडलं, फक्त त्यांच्याशी. हृदय बंद पडलेली सगळी माणसं सारखीच मेलेली असतात. विषाचा परिणाम शून्य."

"मग फेटाळा ना अहवाल. इतकं स्पष्ट आहे."

"दोघांनी फेटाळला. त्यांचे आक्षेप तळटिपेत छापले. मी फेटाळला तर चौथा येईल, नाहीतर पाचवा. कुणीतरी सही करेलच." त्या खुर्चीत बसल्या. "शिफारस सात वाचून दाखवा मला."

सनदींनी वाचली. शिफारस सातचे दोन भाग होते. पहिला: ज्या घटकाचे अंतर एकापेक्षा कमी निघेल, तो राज्याच्या सर्व निवडींमधून कायमचा वगळावा. दुसरा: व्यक्तीच्या हाती नसलेल्या ज्या घटकाचे अंतर एकापेक्षा जास्त निघेल, ते त्या व्यक्तीच्या गुणांमधून वजा करावे. दुसरा भाग पत्रकार परिषदेत छान दिसावा म्हणून घातला होता. तो कधी लागू होईल असे आयोगात कुणाला वाटत नव्हते.

"आणि मूल्यमापन मान्य झालं की?"

"ते परिशिष्टांसकट कायद्याचा भाग होतं."

"परिशिष्टांसकट," सुगंधाबाईंनी पुन्हा म्हटले.

दुसऱ्या दिवशी त्या टिपणीसांना भेटायला गेल्या. टिपणीस सत्तरीला आलेले, सडपातळ, बोलताना समोरच्याच्या खांद्यावर हात ठेवण्याची सवय असलेले गृहस्थ. जीवनगणन संस्थेचे संचालकपद त्यांच्याकडे अठरा वर्षे होते.

"ये, सुगंधा. किती वाळलीस!"

"सर, चारशे बारा कुणी निवडलं?"

टिपणीसांनी चष्मा काढून पुसला. ती कोणाविषयी विचारते आहे ते कळले नाही, असे त्यांनी भासवले नाही, एवढे खरे.

"मी."

"माझा भाऊ आहे, हे माहीत असून?"

"माहीत असून. लोक म्हणाले असते, सोपी सोपी प्रकरणं घेतली. मी सगळ्यांत अवघड घेतलं. तिथंही शून्य आलं, तेव्हा माझी खात्री पटली." त्यांनी सुगंधाबाईंच्या खांद्यावर हात ठेवला. "विज्ञानात नातं नसतं. हे मीच तुला शिकवलं ना? तू ह्या दुःखाच्या वर उठून सही केलीस, तर लोकांना कळेल खरा वैज्ञानिक कसा असतो ते. दिवाणच्या जाण्याला काही अर्थ येईल त्यानं."

सुगंधाबाईंनी त्या हाताकडे पाहिले. पंधरा वर्षे त्यांना वाटत होते की आपला राग पोलिसांवर आहे. ते पोलीस त्यांना कधी भेटले नव्हते. एकाची बदली झाली होती, एक वारला होता. पण हा माणूस समोर होता. त्याने त्यांच्या भावाला दुसऱ्यांदा मारले होते, आणि आता त्यावर त्यांची सही मागत होता. त्यांचे मन या क्षणी शांत झाले, जसे नेम धरताना होते.

"करते सही," त्या म्हणाल्या. "नियमाप्रमाणे स्थैर्यचाचणी करावी लागेल मात्र. जन्माच्या जागी दुसरे घटक घालून पद्धत तशीच वागते का, ते बघायचं."

"कर की! पद्धत लोखंडी आहे माझी."

पुढचे आठ दिवस सुगंधाबाई आणि सनदी यंत्रासमोर बसून होते. चोवीस घटक जसेच्या तसे ठेवून त्यांनी एकेक गोष्ट बदलत नेली. आधी शालान्त परीक्षेचे गुण. मग पदवी. मग प्रवेशपरीक्षा, मुलाखत, अनुभव, प्रसिद्ध झालेले संशोधन.

"सगळ्यांचं अंतर शून्याजवळ," सनदी चौथ्या दिवशी म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू काहीतरी उजाडत होते. "साहजिकच आहे. नव्वद टक्क्यांचे चाळीस केले, तरी शाळा तीच, वस्ती तीच, पद तेच. पदच स्थिर धरलंय, मग गुणांनी बदलणार काय?"

"लिहा. परिशिष्ट नऊ. काही लपवायचं नाही."

"मॅडम, शिफारस सातचा पहिला भाग..." सनदींनी त्यांच्याकडे पाहिले. "ज्याचं अंतर एकापेक्षा कमी, ते वगळायचं. म्हणजे हे सगळंच."

"मी त्यात एक अक्षरही घातलेलं नाही. कायदा त्यांचा, पद्धत त्यांची." थोडे थांबून त्या म्हणाल्या, "तुम्हाला नको असेल तर आत्ता बाजूला व्हा."

सनदी बाजूला झाले नाहीत.

मूल्यमापनाचा शेवटचा परिच्छेद सुगंधाबाईंनी स्वतः लिहिला: 'ही पद्धत जन्माला जो निकाल देते, तोच इतर प्रत्येक घटकाला देते. ती कोणाशीही दुजाभाव करीत नाही. पद्धत सुसंगत आहे.' त्यातले प्रत्येक वाक्य खरे होते. टिपणीसांनी तो परिच्छेद वाचला आणि समाधानाने फोन केला. परिशिष्टे अकरा होती, पाने चारशे सत्तर. ती कोणी उघडली नाहीत. पंधरवड्याच्या आत विधेयक मंजूर झाले. अंमल चार महिन्यांनी.

ते चार महिने सुगंधाबाईंनी कसे काढले, ते त्यांनी पुढे कोणालाही नीट सांगितले नाही. त्यांच्या दारावर शेण फेकले गेले. त्यांच्याच जमातीच्या संघटनेने त्यांचा फोटो पायाखाली घातला. आणि कायदा लागू व्हायच्या आधीच सरकारने उत्साहाने राखीव जागांच्या याद्या रद्द करायला सुरुवात केली. आरोग्यसेविकांच्या पहिल्याच रद्द यादीत बाविसावे नाव होते रुक्मा काळे. दिवाणची बायको.

सुगंधाबाई तिच्याकडे गेल्या. रुक्मा उंबऱ्यातच उभी राहिली. तिने आत ये म्हटले नाही.

"रुक्मा, थोडी कळ काढ. मी सांगू शकत नाही, पण..."

"आक्का, सही तुमची हाय का नाही?"

"आहे."

"मालकाच्या कागदावर बी? त्यो कशानं मेला, त्या कागदावर?"

"हो."

रुक्माने मान हलवली. "नवरा त्यांनी नेला. नोकरी तुमी नेली. आता घरात काय ऱ्हायलंय न्यायला?" तिने दार लावले. जोरात नव्हे, अगदी हळू, कडीचा आवाज न करता.

परत येताना सुगंधाबाईंच्या मनात पहिल्यांदाच आले की सनदींना फोन करावा, सगळे उघड करावे, आत्ताच. त्यांनी केला नाही. कायद्याला अंमल येण्याआधी परिशिष्ट नऊ कोणाच्या डोळ्यांवर आले असते, तर एका दुरुस्तीने ते गाळता आले असते. रुक्माची नोकरी जाणार होती, हे त्यांना सही करतानाही माहीत होते. तेही त्यांनी गणितात धरले होते. स्वतःविषयीची ही गोष्ट त्यांना आवडली नाही, पण त्या थांबल्या नाहीत.

कायदा लागू झाला त्या दिवशी सकाळी साडेदहाला सुगंधाबाईंनी निवड न्यायाधिकरणात एक पानी अर्ज दिला. परिशिष्ट नऊप्रमाणे गुण, पदवी, परीक्षा, मुलाखत आणि अनुभव यांचे अंतर एकापेक्षा कमी आहे; कायद्याप्रमाणे ते राज्याच्या सर्व निवडींमधून वगळावेत, एवढीच मागणी होती.

न्यायाधिकरणाच्या अध्यक्षा न्यायमूर्ती एस्तेर डिमेलो यांनी परिशिष्ट भर सुनावणीत वाचून काढले. सरकारी वकिलांना त्यांनी एकच प्रश्न विचारला: "हे कायद्याचा भाग आहे की नाही?"

"आहे, पण विधिमंडळाचा हेतू..."

"शब्द स्पष्ट असतील तर हेतू शोधायचा नसतो, वकीलसाहेब. जन्म वगळायला जी ओळ पुरते, तीच पदवी वगळायला पुरते."

निकाल तीन पानांचा होता. कोणतीही कसोटी शिल्लक नसल्यामुळे राज्यातील प्रत्येक शासकीय नियुक्ती यापुढे सोडतीने होईल. चालू असलेली वरिष्ठ पदेही त्यातून सुटणार नाहीत. सुरुवात जीवनगणन संस्थेच्या संचालकपदापासून.

घरांची सोडत लोकांना माहीत होती; संचालकांची सोडत त्यांनी कधी ऐकली नव्हती. आठ दिवसांत त्या पदासाठी अकरा लाख अर्ज आले. भाजीवाल्यांचे आले, पेन्शनरांचे आले, एका भजनी मंडळाने सामुदायिक अर्ज केला. ज्या वर्तमानपत्रांनी 'अखेर गुणवत्तेचा विजय' असे मथळे दिले होते, त्यांनी आता गुणवत्तेच्या मृत्यूवर अग्रलेख लिहिले. ज्यांची मुले परीक्षांना बसली होती, ते लोक मोर्चे घेऊन रस्त्यावर आले.

टिपणीस प्रयोगशाळेत आले ते लिफ्ट बंद असल्याने सहा मजले चढून. धापा टाकत ते सुगंधाबाईंच्या समोर बसले.

"काय केलंस हे?"

"मूल्यमापन केलं."

"तुला माहीत होतं पद स्थिर धरल्यावर काय होणार ते!"

"तुम्हालाही माहीत होतं, सर. जन्माच्या वेळी."

टिपणीसांनी घाम पुसला. नंतर म्हणाले, "सरकार कायदा मागे घेणार नाही. नाचक्की होईल. मंत्री म्हणतात, तुमचं तुम्ही निस्तरा. वाट काय?"

"एकच आहे. पद्धतच चुकीची होती, असं आयोगाच्या अध्यक्षांनी शपथेवर सांगितलं, तर नवं गणित मागता येतं. जन्मानंतर जन्मामुळे घडलेल्या गोष्टी स्थिर धरायच्या नाहीत. गुणांनंतर गुणांमुळे घडलेल्याही नाहीत. मग गुणांचं खरं अंतर निघेल. परीक्षा परत येतील. सोडत थांबेल."

"आणि माझं पद?"

"नव्या गणितात तुमचे गुण मोजले जातील."

टिपणीसांनी हात पुढे केला. त्यांचे गुण राज्यात कोणापेक्षाही कमी नव्हते, याची त्यांना खात्री होती.

"दे कागद."

"मसुदा तुम्हीच लिहायचा. त्यात चारशे बारा येईल. प्रकरण क्रमांकानं नाही, नावानं. त्याचा मृत्यू कशामुळे झाला, ते तुमच्या शब्दांत. आणि न्यायाधिकरणात तुम्ही ते उभं राहून वाचायचं."

"सुगंधा, हा सूड झाला. विज्ञान नाही."

"दोन्ही आहे," त्या म्हणाल्या.

टिपणीस दोन दिवस आले नाहीत. तिसऱ्या दिवशी सोडतीचे यंत्र संस्थेच्या आवारात येऊन बसले, तेव्हा आले.

न्यायाधिकरणाचे दालन त्या सकाळी भरले होते. मागच्या रांगेत रुक्मा बसली होती. तिला सनदींनी आणले होते, कशासाठी ते न सांगता. टिपणीस उभे राहिले. त्यांनी कागद उघडला.

"मी, श्रीनिवास टिपणीस, शपथेवर सांगतो की आयोगाच्या अहवालातील चोवीस स्थिर घटकांची यादी चुकीची होती. त्यातले वीस घटक जन्माचेच परिणाम होते. ते स्थिर धरल्यामुळे जन्मांतर खोटे शून्य आले. हे मला..." ते अडखळले. न्यायमूर्ती डिमेलो वाट पाहत राहिल्या. "हे मला अहवाल लिहिताना ठाऊक होते. दिवाण काळे या कामगाराचा कोठडीतला मृत्यू त्याच्या नवव्या वर्षी केलेल्या पोलीस नोंदीमुळे ओढवला, आणि ती नोंद त्याच्या जन्मामुळे झाली होती. दिवाण काळे निर्दोष होता. तो पारधी म्हणून जन्मला, यामुळे मेला."

रुक्माने पदर तोंडावर घेतला नाही. ती ताठ बसून ऐकत होती. सुगंधाबाईंनी एकदा मागे वळून पाहिले; रुक्माने त्यांच्याकडे पाहिले नाही.

दुरुस्त यादी घेऊन यंत्र त्याच दालनात, सर्वांसमोर चालवले गेले. त्याला एक तास लागला. आकडे भिंतीवर उमटले. परीक्षेच्या गुणांचे अंतर अकरा. अनुभवाचे सात. पदवीचे नऊ. शेवटी जन्माचे: त्रेचाळीस.

पहिल्या तीन आकड्यांना टाळ्या पडल्या होत्या. चौथ्याला कोणी वाजवल्या नाहीत.

"गुण, पदवी आणि अनुभव पुन्हा कसोटी म्हणून धरावेत," न्यायमूर्ती डिमेलो यांनी निकाल सांगितला. "सोडत रद्द. तथापि जन्म हा व्यक्तीच्या हाती नसलेला घटक असून त्याचे अंतर एकापेक्षा जास्त आहे. कायद्याच्या शिफारस सात, भाग दोनप्रमाणे प्रत्येक उमेदवाराचे स्वतःचे जन्मांतर त्याच्या गुणांमधून वजा होईल. ज्याचे जन्मांतर उलट दिशेचे, म्हणजे तोट्याचे असेल, त्याच्या गुणांत ते मिळवले जाईल. उणेतून उणे गेले की अधिक, एवढे गणित या न्यायाधिकरणालाही येते. संचालकपद आधी घेऊ. विद्यमान संचालक समोर बसावेत."

टिपणीस साक्षीदारासाठी ठेवलेल्या खुर्चीवर बसले. सनदींनी त्यांच्या नोंदी यंत्रात घातल्या. त्यांचे आजोबा प्राध्यापक, वडील सचिव. घरात चार हजार पुस्तके. पहिल्या नोकरीला मामांची शिफारस. यंत्राने तो जन्म बाजूला ठेवला आणि श्रीनिवास टिपणीसांना दहा हजार वेळा राज्यातल्या दहा हजार वेगवेगळ्या घरांत जन्माला घातले.

आकडा आला. सनदींनी तो वाचून दाखवला.

"उमेदवाराचे गुण ब्याऐंशी. जन्मांतर सत्तेचाळीस. वजा जाता पस्तीस. पदासाठी किमान पात्रता साठ."

टिपणीस भिंतीकडे पाहत राहिले. त्यांचे ओठ हलले, ते वजाबाकी पुन्हा करून पाहत असावेत. मग त्यांनी मान वळवली. सुगंधाबाई तीन पावलांवर उभ्या होत्या.

"सोडत राहिली असती, तर..." ते हळू म्हणाले.

"तर अकरा लाखांत एक आशा होती, सर. सही केलीत, ती गेली."

"तुला हे ठाऊक होतं?"

"आकडा ठाऊक नव्हता. दिशा ठाऊक होती."

"पद्धतीत कुठंतरी..." त्यांनी घाईने चष्मा काढला, पुन्हा घातला. "काहीतरी चुकलंय पद्धतीत. बघ तू. तुला दिसेल, तू हुशार आहेस."

"पद्धत बरोबर आहे, सर. तुम्ही आज सकाळी शपथेवर सांगितलंत."

सुगंधाबाईंना वाटले होते, या क्षणी आपल्याला काही रिकामे वाटेल. पुष्कळांनी त्यांना तसे सांगितले होते. तसे काही वाटले नाही. छाती भरून आली होती आणि श्वास पायाच्या नखापर्यंत पोचत होता. त्या तिथेच उभ्या राहिल्या. त्यांना पूर्ण बघायचे होते.

शिपायाने पुढच्या उमेदवाराचे नाव पुकारले. मग तो खुर्चीपाशी आला, जरा वाकला आणि अदबीने म्हणाला,

"साहेब, उठता का? पुढच्यांना बसायचंय."